जुनी फोर बाय फोर, मोर्शीची काळी माती आणि प्रयोगाची शिस्त



पीएचडीसाठी फील्डवर्क करायचं ठरवलेल्या मुलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, फील्डला जायला जुनी जिप्सी किंवा जीप घ्यावी का? दुसरा, घेतली तर तिच्यात काय काय बदलावं? व्हिडिओ बघून बरेच जण थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारतात. मोठे टायर, उंच सस्पेन्शन, वर कॅरिअर, पुढे लोखंडी गार्ड. आज हाच विषय नीट समजून घेऊ. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात जे शब्द तुम्ही पाठ करता, बेसलाइन, व्हेरिएबल, कन्फाउंडर, ते सगळे या एका गाडीत प्रत्यक्ष बघायला मिळतात.

उदाहरणाला आपला मोर्शीचा भाग घेऊ. खाली वर्धा नदीचं खोरं आणि सिंभोऱ्याजवळचं अप्पर वर्धा धरण. वर सातपुड्याचा पायथा आणि मध्यप्रदेशच्या सीमेवरचं साळबर्डी, जिथल्या लामेटा खडकांत डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत. मधे संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर, आणि शेतांकडे जाणारे पांदण रस्ते. मातीवर काम करा, किडींवर करा की खडकांवर, पावसाळ्यात या पांदणींनी जावंच लागतं.

गाडी हा रिसर्चचा प्रश्न का आहे?

समजा तुम्हाला चाळीस शेतांतून मातीचे नमुने घ्यायचे आहेत. नकाशावर तुम्ही जागा रँडम काढल्या. पण जुलैमध्ये गाडी पांदणीत जात नाही, म्हणून आठ-दहा जागा डांबरी रस्त्याजवळ सरकवल्या. झालं, तुमचं सॅम्पल आता रँडम राहिलं नाही. रस्त्याकाठच्या शेतांचा निचरा वेगळा, खतं पोचण्याची सोय वेगळी, धूळ वेगळी. पर्यावरणशास्त्रात याला रस्त्याकाठचा बायस म्हणतात आणि तो जगभरच्या डेटामध्ये सापडतो. थिसिसमध्ये ही गोष्ट सहसा लिहिलेली नसते, कारण ती ड्रायव्हिंगची अडचण समजली जाते.

दुसरं, पावसाळा वर्षातून एकदाच येतो. ऑगस्टमध्ये गाडी तीन आठवडे मिस्त्रीकडे उभी राहिली तर सीझन गेला, म्हणजे वर्ष गेलं. फेलोशिपची वर्षं मोजकीच असतात. त्यामुळे गाडीवर कधी आणि कशावर खर्च करायचा हा तुमच्या रिसर्च प्लॅनचाच भाग आहे.

आधी बघा, गाडी खरंच फोर बाय फोर आहे का

आपल्याकडे जीप म्हणजे एकच गोष्ट नाही. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्याच घराण्यातून सीजे-३बी, एमएम ५४० अशा गाड्या आल्या. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं. मेळघाटात सफारीला जाता तेव्हा बसता ती बहुधा हीच. पण जीपसारख्या दिसणाऱ्या कितीतरी गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालतात. आपल्या काळीपिवळ्या आठवा.

ओळखायची पद्धत सोपी आहे. वाकून पुढच्या ॲक्सलकडे बघा. मागच्यासारखाच डिफरन्शियलचा गोल डबा पुढेही हवा आणि त्याच्याकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हवा. आत गिअरच्या दांड्याजवळ ट्रान्सफर केसचा आणखी एक दांडा हवा. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा खाली काय दिसतंय ते बघा. विकणाऱ्याचं म्हणणं हा दुसऱ्याचा डेटा असतो, तो तपासूनच वापरायचा.

लो गिअर नेमकं काय करतो?

ट्रान्सफर केसची दोन कामं. एक, ताकद पुढच्या ॲक्सललाही देणं. दुसरं, लो रेंज. जुन्या सीजे-३बीचं गणित करून बघू. पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा लो सुमारे २.४६, ॲक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला की जवळपास ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ फेरे फिरतं तेव्हा चाक एक फेरा फिरतं. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर असेल तर चाकाचे २७ फेरे होतात. तिच्या ६.००-१६ टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. वेग आला ताशी साधारण ३.७ किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो त्यापेक्षाही कमी. एवढ्या हळू आणि एवढ्या जोरात चाक फिरतं, म्हणून ही गाडी दगडावर चढते. इंजिनची हॉर्सपॉवर त्या मानाने अगदी किरकोळ असते.

आता यात मोठा टायर घातला तर? साडेअठ्ठावीस इंचाऐवजी एकतीस इंच व्यासाचा घेतला, तर घेर जवळपास ९ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच प्रमाणात चाकाचा जोर घटतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, ब्रेकला जास्त मेहनत पडते. बदल्यात ॲक्सलखाली मिळतात फक्त सव्वा इंच, कारण व्यासातली निम्मीच वाढ खाली येते. सव्वा इंचासाठी एवढं द्यायचं का, हे आधी कागदावर ठरवा.

फोर बाय फोर घातला म्हणजे चारही चाकं ओढतात, हाही गैरसमज आहे. साधं डिफरन्शियल एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात गरगर फिरत असेल तर त्याला लागणारा टॉर्क अगदी थोडा, आणि मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक अशी दोन चाकं सुटली की गाडी उभी. अशा वेळी ॲक्सिलरेटर जोरात दाबून काही होत नाही, हळूच ब्रेक धरून फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध दिला तर कधी कधी दुसरं चाक पकड घेतं.

आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर घालू नका. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो फरक कुठेच सुटत नाही. मातीत चाक थोडं घसरून तो भरून काढतं, डांबरावर तो ताण गिअर आणि क्रॉसवर बसतो.

पहिला खर्च: बेसलाइन

वीस-तीस वर्षांच्या गाडीत बदल करण्याआधी ती मूळ स्थितीत किती चांगली आहे हे कळलं पाहिजे. पुढे आवाज आला तर तो नव्या बदलामुळे आला की आधीपासून होता, हे नाही तर सांगताच येणार नाही. प्रयोगात यंत्र कॅलिब्रेट करतो, तसंच हे. मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून हे स्वतः बघा:

* चार ठिकाणचं ऑइल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. काढलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. धातूचे बारीक कण चालतात, तुकडे नाही.
* प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. गाडी सपाट जागी, चाकांना दगडाची अडण लावून, शाफ्ट हाताने हलवा. खडखड नको.
* पुढच्या हबची आणि किंगपिनची बेअरिंग. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. ढिलाई असेल तर वेगात स्टिअरिंग थरथरतं.
* पाटे, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, बुश. खडबडीत रस्त्यावर फिरून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.
* रबराचं सगळं. ब्रेकचे होज, रेडिएटरचे पाइप, ऑइल सील. गाडी कमी चाललेली असली तरी रबराचं वय वाढतंच.
* टायरचं वय. बाजूवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसतात म्हणून टायर नवा ठरत नाही.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं, का बदललं. ही वही लॅब नोटबुकच्याच शिस्तीने लिहा. तीन महिन्यांनी गाडी का तापते हे शोधताना आठवण दगा देते, वही देत नाही.

सगळ्यात स्वस्त बदल: हवा

काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली स्मेक्टाइट गटाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना तिची पकड जाते आणि ती टायरच्या खाचांत भरते. खाचा भरल्या की कितीही महागडा टायर गुळगुळीतच.

इथे हवेचा दाब कामाला येतो. जिप्सी सुमारे हजार किलोची. दोन माणसं आणि सामान धरून १२८० किलो म्हणू, म्हणजे चाकावर ३२०. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेएवढा असतो. २८ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.९७ किलो. मग टेकलेलं क्षेत्र आलं सुमारे १६२ चौरस सेंटिमीटर. हवा १६ पर्यंत उतरवली की तेच २८४ होतं. टायरची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे आकडे अगदी तंतोतंत नाहीत, पण दिशा बरोबर आहे. एक पैसा न घालता चाकाचा पाय पाऊणपट वाढला.

याची किंमतही आहेच. कमी हवेत वेग कमी ठेवायचा, तीक्ष्ण दगड टाळायचे, ट्यूबचा टायर असेल तर रिमवर सरकून व्हॉल्व तुटू शकतो. डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप आणि प्रेशर गेज सोबत हवं.

टायर अरुंद की रुंद, याचं उत्तर मातीच्या खोलीत आहे. सातपुड्याकडच्या उतारावर माती उथळ आणि खाली मुरूम असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून मुरमापर्यंत पोचतो. नदीकडच्या खोल मातीत खाली टेकायला काहीच नसतं, तिथे रुंद टायर बरा. आधी लोखंडी सळई खुपसून बघा. एका मिनिटाचं काम आहे.

खरंच फरक पडला का? प्रयोग असा करा

आता मुख्य मुद्दा. समजा सकाळी २८ च्या हवेवर गाडी पांदणीत फसली. दुपारी १६ वर तीच गाडी तिथूनच निघाली. हवेमुळे? कदाचित. पण दुपारपर्यंत माती वाळली होती. सकाळच्या फेरीने चाकोरी दाबली गेली होती. ड्रायव्हरला रस्ता कळला होता. मागची दोन पोती उतरवलेली होती. पाच गोष्टी एकत्र बदलल्या आणि श्रेय एकटीला दिलं. हेच कन्फाउंडिंग.

नीट करायचं असेल तर:

१. शेजारशेजारच्या, न तुडवलेल्या पट्ट्या घ्या. प्रत्येक फेरी नव्या पट्टीत.
२. फेऱ्यांचा क्रम आलटून-पालटून ठेवा: २८, १६, १६, २८. माती हळूहळू वाळत असेल तर तिचा परिणाम दोन्हींवर साधारण सारखा वाटला जातो.
३. ड्रायव्हर, वजन, गिअर तेच.
४. मातीचा ओलावा मोजा. नमुना वजन करून १०५ अंशांवर चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वजन करा. लॅबमध्ये हे तुम्हाला येतंच.
५. निकाल मोजता येईल असा ठेवा. "बरी चालली" हा निकाल नाही. ठरलेल्या वीस मीटरमध्ये मागच्या चाकाचे किती फेरे झाले, ते मोजा. घसरण जास्त तर फेरे जास्त.

व्हिडिओ आणि गाडीवाल्यांच्या सल्ल्यांत नेमकं हेच नसतं. टायर, सस्पेन्शन, लॉकर एकदम बदललेले असतात. शिवाय जी गाडी चढली तिचाच व्हिडिओ येतो, जी ट्रॅक्टरने ओढून काढली तिचा येत नाही. एका वेळी एकच बदल, आणि पुढच्या बदलाआधी निदान काही फेऱ्या. हे पाळणं कंटाळवाणं आहे, पण पैसे वाचवतं.

उंची वाढवण्याआधी दोन गणितं

पहिलं, उलटण्याचं. दोन चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० वर आहे असं मानू. आडव्या उतारावर गाडी उलटण्याची सैद्धांतिक मर्यादा ४५ अंश येते. गुरुत्वमध्य १०० मिलिमीटर वर नेला की ती ४१ वर येते. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर दबतो, गाडी हलत असते, त्यामुळे खरी मर्यादा याहून बरीच कमी.

आणि फक्त सस्पेन्शननेच उंची वाढते असं नाही. हजार किलोच्या गाडीवर, १९०० मिलिमीटर उंचीच्या कॅरिअरवर ८० किलो मातीचे नमुने ठेवले तर एकूण गुरुत्वमध्य ६५० वरून ७४३ वर जातो. जवळपास चार इंच! नमुन्यांची पोती नेहमी खाली, दोन ॲक्सलच्या मधे, बांधून ठेवा.

दुसरं, शाफ्टचं. गाडी उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. साधा क्रॉस कोनात फिरताना बाहेरचा वेग सारखा ठेवत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो. ५ अंशाला हा चढउतार अर्ध्या टक्क्याच्याही आत, १५ अंशाला साडेतीन टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर तो एकमेकांत मिटतो. उचलताना एकच कोन बदलला तर थरथर सुरू होते आणि तिचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, सीलवर जातो. ब्रेकचे होजही ताणले जातात. एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी बिल पाठवतो, ते बिल कुठे येईल हे आधी शोधायचं.

त्यापेक्षा ॲक्सलच्या ब्रीदरला लांब नळी लावून ती बॉनेटपर्यंत वर नेणं कितीतरी उपयोगी आहे. गरम ॲक्सल नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर बुडालेला किंवा बुजलेला असेल तर आत पाणी ओढलं जातं. नळी वर असली की हवा ओढली जाते. खर्च किरकोळ.

नाला, कायदा आणि शेतकरी

पूर आलेल्या नाल्यात गाडी घालू नका, मग ती कुठलीही असो. गाडीच्या तळाचं क्षेत्र सव्वाचार चौरस मीटर धरलं, तर तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढलं की, आत पाणी शिरेपर्यंत, सुमारे ४२० किलो वजन पाणीच उचलतं. हजार किलोच्या गाडीची चाकावरची पकड तिथेच बरीच जाते, आणि बाजूने प्रवाह ढकलत असतो. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नमुना उद्या घेता येतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. पुढच्या लोखंडी गार्डवरही केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बंदीच्या सूचना दिल्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि तपासणी असतेच. त्यामुळे बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. देखभाल, हवा, ब्रीदर यांना यातलं काहीच आड येत नाही, म्हणूनही त्यांचा नंबर आधी.

आणि शेवटी, पांदण कुणाची? ओल्या काळ्या मातीत आपल्या चाकांनी पाडलेली खोल चाकोरी वाळली की दगडासारखी होते. त्यातून नंतर बैलबंडी आणि संत्र्याचे क्रेट जायचे असतात. धुऱ्यावरून गाडी घातली तर धुरा फुटतो आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं. "भाऊ, इथून गाडी नेऊ का, की पायी येऊ?" एवढं विचारलं की बरेचदा तेच बरा रस्ता दाखवतात. पायी यायला सांगितलं तर पायी जा आणि वहीत तसं लिहा: जागा क्रमांक १७, गाडी ४०० मीटर अलीकडे, चालत पोचलो. जागा रस्त्याकडे सरकवली नाही, हे थिसिसमध्ये लिहिता येईल आणि परीक्षकाने विचारलं तर दाखवताही येईल.

या आठवड्याचा सराव

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी सायकल किंवा बाइक घ्या. टायरची हवा हे एकच व्हेरिएबल ठेवा. दोन दाब, आठ फेऱ्या, क्रम आलटून-पालटून, निकाल मोजता येईल असा. आधी लिहून ठेवा की काय होईल असं वाटतंय आणि का. मग फेऱ्या करा. अंदाज चुकला तरी वहीतलं ते पान फाडू नका.

पुढच्या लेखात याच डेटावर पेअर्ड टी-टेस्ट कशी लावायची ते बघू.